ईआरपीमध्ये बदल किती करावेत? विभागांनी ८३ मागण्यांची यादी दिली आहे

जोडकाम:

धातूचे सुटे भाग बनवून त्यांची जोडणी करणारा कारखाना आहे. दोन गोदामं, सुमारे २२०० आयटम, ४५ जण सिस्टिम वापरतील. सध्या हिशेब एका अकाउंटिंग पॅकेजमध्ये आणि साठा, उत्पादन, खरेदीचा पाठपुरावा हे सगळं एक्सेलमध्ये. ईआरपी (खरेदी, साठा, उत्पादन, विक्री, हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) निवडून झालंय. ओपन सोर्स आहे, कोड हातात आहे आणि दोन प्रोग्रामर पगारावर आहेत. पंचाईत तिथेच आहे, कारण कुठल्याही मागणीला 'हे होत नाही' असं उत्तर देता येत नाही.

विभागांकडून ८३ बदल मागून आलेत. नमुन्यादाखल:

- स्टोअर्स: आवक नोंद व्हायच्या आधीच माल शॉपवर देता आला पाहिजे, म्हणजे साठा उणे जाऊ द्या.
- अकाउंट्स: पक्कं झालेलं बिल नंतर एडिट करता यावं.
- कॉस्टिंग: तयार मालाचं मूल्य शेवटच्या खरेदी दराने निघावं.
- खरेदी: प्रत्येक ऑर्डरला पाच सह्या.
- उत्पादन: माल देणं, उत्पादन, रिजेक्शन हे सगळं एकाच स्क्रीनवर.
- सगळ्यांची मिळून: जुने २२ अक्षरी आयटम कोड तसेच ठेवा.
- विक्री: कोटेशनच्या प्रिंटमध्ये ड्रॉइंग आणि अटींचं वेगळं पान.

यातलं काय करावं, काय नाकारावं, आणि कशाच्या आधारावर? केलेले बदल पुढच्या व्हर्जनला मोडू नयेत म्हणून काय करायचं? आणि शॉपवरची माणसं एंट्री करतील याची खात्री कशी मिळवायची? तीन महिने जुनी आणि नवी पद्धत समांतर चालवावी असंही एक मत आहे.

---

खतावणी:

मागणी कोणत्या विभागाची आहे किंवा किती जोरात आली आहे यावरून निवड करू नका. एकच प्रश्न विचारा: या बदलाने साठ्याच्या खतावणीत (खातेवार नोंदींच्या वहीत) किंवा हिशेबाच्या खतावणीत पडणारी नोंद बदलते का? नसेल बदलत, तर बदल स्वस्त आहे आणि बहुतेक वेळा करायला हरकत नसते. बदलत असेल, तर तो पुढची अनेक वर्षं सांभाळावा लागतो.

चढत्या क्रमाने सांगायचं तर आधी नुसतं सेटिंग, मग नवीन फिल्ड, मग प्रिंट आणि रिपोर्ट, मग सेव्ह करताना होणारी तपासणी, मग स्वतःचं नवीन डॉक्युमेंट, आणि सर्वांत शेवटी पोस्टिंगचं, म्हणजे खतावणीत नोंदी पाडण्याचं, गणित. विक्रीची कोटेशनची मागणी तिसऱ्या पायरीवर आहे, ती डोळे मिटून द्या. पाच सह्या हे सेटिंगचं काम आहे, पण ते करू नये. कारण खाली कोणीतरी लिहीलच. स्टोअर्स, अकाउंट्स आणि कॉस्टिंगच्या तीन मागण्या मात्र थेट शेवटच्या पायरीवरच्या आहेत, म्हणून त्या नीट बघू.

उणे साठा. शिल्लक शून्य आहे. शेवटचा माहीत असलेला दर १०० धरून १० नग दिले. आता साठा उणे १० आणि मूल्य उणे १०००. मग १२ नगांची आवक १३० दराने नोंदली गेली, म्हणजे १५६०. शिल्लक २ नग, मूल्य ५६०, सरासरी दर २८०. जी वस्तू १३० च्या वर कधी घेतलीच नाही तिचा दर २८० दिसायला लागतो. हा फरक सॉफ्टवेअरला कुठेतरी टाकावाच लागतो. काही सिस्टिम नवीन दर १३० धरून उरलेले ३०० खर्चाच्या खात्यात ढकलतात, काही मागच्या सगळ्या नोंदींचं मूल्य पुन्हा मोजतात. दुसऱ्या प्रकारात गेल्या महिन्याचा जुळवलेला नफा आज बदललेला दिसतो आणि का बदलला हे कोणालाच सांगता येत नाही.

स्टोअर्सची तक्रार मात्र खरी असते. माल फाटकावर आलेला असतो, तपासणी व्हायची असते, बिल आलेलं नसतं, आणि लाइन थांबलेली असते. म्हणून आवक नोंदीचे दोन भाग करा. फाटकातून आत येताच फक्त ऑर्डर क्रमांक आणि नग टाकून 'तपासणी' नावाच्या वेगळ्या गोदामात आवक. दर ऑर्डरमधून आपोआप येतो. तपासणी झाली की मुख्य गोदामात ट्रान्सफर. तातडीच्या वेळी तपासणी गोदामातून सुपरवायझरच्या मंजुरीने थेट देता येईल. एवढं केल्यावर उणे साठ्याची गरज उरत नाही आणि कोडची एक ओळही लिहावी लागत नाही.

पक्कं बिल एडिट करणं. हे अजिबात देऊ नका. बिल पक्कं होताच ग्राहकाच्या खात्यात, विक्रीत, करात आणि बहुधा साठ्यातही नोंदी पडलेल्या असतात. वरचं बिल बदललं आणि खालच्या नोंदी तशाच राहिल्या तर तेरीज (सगळ्या खात्यांच्या बाक्यांचा ताळा) जुळूनही ग्राहकाची बाकी चुकीची निघते. बरोबर मार्ग म्हणजे रद्द करून दुरुस्त प्रत काढणं, आणि बंद झालेल्या काळातलं असेल तर क्रेडिट नोट. पण वाहनाचा क्रमांक, पत्त्यातली चूक, ग्राहकाचा संदर्भ क्रमांक अशी फिल्ड असतात ज्यांचा पोस्टिंगशी संबंध नाही. ती पाच-सहा फिल्ड पक्कं झाल्यावरही बदलता येतील अशी मोकळी करा आणि बदलाचा माग ठेवा. अकाउंट्सला बहुतेक वेळा एवढंच हवं असतं.

शेवटच्या खरेदी दराने मूल्य. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. कोटेशन काढायला आजचा दर लागतो, तो हिशेब रिपोर्टमध्ये करा. गोदामातल्या मालाचं पुस्तकी मूल्य मात्र सरासरी, फिफो (आधी आलेला माल आधी गेला असं धरणं) किंवा स्टँडर्ड कॉस्ट (आधीच ठरवून ठेवलेला दर) यांपैकी एकाच पद्धतीने चालतं, आणि व्यवहार सुरू झाल्यावर ती पद्धत बदलणं फार जिकिरीचं असतं. मूल्यांकनाच्या हट्टाची किंमत काय असते याचं जगजाहीर उदाहरण आहे. जर्मनीच्या लिडल या सुपरमार्केट साखळीने एसएपी या ईआरपी सॉफ्टवेअरचा मोठा प्रकल्प २०१८ मध्ये सोडून दिला. तोवर झालेला खर्च सुमारे ५० कोटी युरो असल्याच्या बातम्या आल्या. तिथला एक मुख्य तिढा हाच होता: कंपनी साठा खरेदी किमतीने धरत होती, तयार सॉफ्टवेअर विक्री किमतीने धरत होतं, आणि कंपनीने आपली पद्धत न बदलता सॉफ्टवेअर वळवायला घेतलं.

८३ ची यादी या चाळणीतून घाला. फिल्ड, प्रिंट आणि रिपोर्ट वेगळे काढले की वादाच्या मागण्या बोटांवर मोजण्याइतक्या उरतील.

---

पाना_पक्कड:

वरच्याशी सहमत. बदल टिकवण्याचं तांत्रिक अंग मी लिहितो.

मूळ कोडच्या फाइलला हात लावायचा नाही, हा नियम सगळ्या सिस्टिमना सारखाच आहे. एसएपीत स्वतःच्या वस्तूंची नावं झेड किंवा वायने सुरू करायची आणि बीएडीआय किंवा यूझर एक्झिटमधून, म्हणजे आपला कोड जोडायला मुद्दाम ठेवलेल्या जागांमधून, काम साधायचं. मूळ प्रोग्रॅममध्येच बदल केला असेल तर प्रत्येक अपग्रेडला एसपीएयू या बदल जुळवायच्या स्क्रीनमध्ये बसून एकेक बदल पुन्हा जुळवत बसावं लागतं. ओडू या ईआरपीमध्ये स्वतःचं मॉड्यूल काढून मूळ मॉडेल इनहेरिट करायचं (म्हणजे ते तसंच ठेवून त्यावर भर घालायची) आणि स्क्रीनमध्ये बदल एक्सपाथने, म्हणजे स्क्रीनमधल्या नेमक्या जागेचा पत्ता देऊन, करायचे. ईआरपीनेक्स्ट या ईआरपीमध्ये वेगळं कस्टम ॲप, त्याच्या हुक्स फाइलमधून इव्हेंट पकडायचे आणि कस्टम फिल्ड, प्रॉपर्टी सेटर (फिल्डच्या गुणधर्मातले बदल) हे फिक्श्चर, म्हणजे ॲपसोबत जाणाऱ्या डेटा फाइल, म्हणून त्या ॲपमध्ये एक्सपोर्ट करायचे. मूळ ॲपच्या फोल्डरमध्ये फाइल बदलली असेल आणि कोणी बेंच अपडेट ही अपडेटची कमांड रिसेटसकट चालवली, तर तुमचे बदल पुसले जातात.

आता नेहमी फसणाऱ्या जागा.

पहिली, आख्खी पद्धत कॉपी करून त्यात दोन ओळी बदलणं. यातला धोका असा की अपग्रेडनंतर काहीही मोडत नाही. मूळ फंक्शनमध्ये कराचं किंवा राउंडिंगचं गणित दुरुस्त झालेलं असतं, पण तुमची जुनी कॉपीच चालत राहते. एरर आली तर ती त्याच दिवशी सापडते. हे वर्षअखेरीला सापडतं. म्हणून मूळ फंक्शन आधी चालू द्या आणि मग आपलं जास्तीचं काम करा. ओडूच्या स्क्रीनमध्येही 'रिप्लेस' टाळा, 'आधी' किंवा 'नंतर' वापरा, कारण रिप्लेस केलेल्या भागावर दुसरं मॉड्यूल अवलंबून असेल तर ते कोसळतं.

दुसरी, स्क्रीनवरूनच लिहिलेल्या स्क्रिप्ट. त्या डेटाबेसमध्ये राहतात, कोणी कधी बदलल्या याचा इतिहास गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) येत नाही, आणि टेस्ट सर्व्हरवर केलेली दुरुस्ती लाइव्हवर हाताने पुन्हा टाइप केली जाते. हाताने टाइप केलं की फरक पडतोच. प्रयोगाला स्क्रीन वापरा, पण लाइव्हवर फक्त ॲपमधूनच जाऊ द्या.

तिसरी, एसक्यूएलने (डेटाबेसला थेट आज्ञा देऊन) टेबलमध्ये आकडा बदलणं. शिल्लक बदलते, पण त्यामागची खतावणी बदलत नाही. पुढचं पुनर्मोजणीचं काम चाललं की आकडा परत जुना होतो आणि मग शोधाशोध सुरू.

सर्व्हर तीन हवेत: डेव्हलपमेंट, टेस्ट, लाइव्ह. टेस्टवर दर महिन्याला लाइव्हची ताजी प्रत टाका, फक्त बाहेर जाणारे ईमेल आणि बँक जोडण्या बंद करून. ही खबरदारी घेतली नाही तर टेस्टमधून खऱ्या ग्राहकाला बिल जातं.

बदलांची एक नोंदवही ठेवा. त्यात क्रमांक, मागणारा, कारण, कुठल्या फाइलमध्ये, चाचणी कशी करायची एवढं. 'कारण' या रकान्यात 'स्टोअर्सला हवं आहे' असं लिहून चालणार नाही; कोणत्या परिस्थितीत मूळ सिस्टिम कमी पडते हे लिहा. दोन वर्षांनी मूळ सॉफ्टवेअरमध्येच ती सोय आलेली असते, आणि कारण लिहिलेलं असेल तरच आपला बदल काढून टाकण्याचं धाडस होतं. सगळ्या कस्टम फिल्डच्या नावाला आधी एकच उपसर्ग लावा. नाहीतर उद्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये त्याच नावाचं फिल्ड आलं की टक्कर होते.

---

जोडकाम:

दोन्ही प्रतिसाद फार उपयोगी आहेत. तपासणी गोदामाचा मार्ग स्टोअर्ससमोर मांडतो. आता आयटम कोड, जुन्या शिलकी आणणं आणि समांतर चालवणं याबद्दल कोणी लिहील का? आमच्या २२ अक्षरी कोडमध्ये धातू, व्यास, लांबी, फिनिश आणि पुरवठादार असं सगळं आहे, आणि लोकांना ते पाठ आहेत.

---

गोदामपाल:

पुरवठादार कोडमध्ये आहे हीच मुख्य अडचण आहे. तोच माल दुसऱ्याकडून घेतला की नवा कोड, मग एकाच रॅकमधल्या एकाच वस्तूचे दोन साठे, आणि एकाचा साठा असताना दुसऱ्याची खरेदी. कोड सहा-सात आकड्यांचा, बिनअर्थाचा ठेवा. धातू, व्यास, लांबी, फिनिश ही वेगळी फिल्ड करा, म्हणजे त्यावर शोधता येईल. जुना कोडही एका फिल्डमध्ये ठेवून शोधाच्या यादीत घाला. लोक पाठ असलेला कोड टाइप करतील आणि वस्तू सापडेल. वर्षभर त्याची गरज लागते.

कोडपेक्षा मोजमापाचं एकक जास्त त्रास देतं. गोल सळई किलोवर विकत घेतात आणि मीटरवर कापतात. पोलादी सळईचं मीटरमागे वजन काढायला व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे सूत्र चालतं. २० मिमीसाठी ते २.४७ किलो येतं. कोणी सोयीसाठी २.५ टाकलं, तर १० टनांमागे सुमारे १२० किलोचा फरक निव्वळ गुणकामुळे पडतो आणि तो चोरी किंवा नासाडी म्हणून शोधला जातो. मूळ एकक कोणतं ठेवायचं ते पहिल्या व्यवहाराआधी ठरवा, कारण त्यानंतर ते बदलता येत नाही. नवीन आयटमच काढावा लागतो. कापताना मीटर महत्त्वाचा असेल तर मूळ एकक मीटर आणि खरेदीचं एकक किलो.

शिलकी आणण्याचा क्रम असा ठेवा: खात्यांची यादी, एककं, आयटम, पुरवठादार आणि ग्राहक, बीओएम (कोणत्या वस्तूला कोणते भाग किती लागतात त्याची यादी), मग उघड्या खरेदी ऑर्डर आणि विक्री ऑर्डर, मग साठा, मग येणी-देणी, शेवटी उरलेल्या खात्यांच्या बाक्या. ऑर्डरवर फक्त उरलेले नग आणा, मूळ नग आणाल तर सिस्टिम आलेला माल परत मागवायला सांगेल. येणी-देणी एकरकमी आणू नका. प्रत्येक बिल त्याच्या मूळ तारखेने आणा. एकरकमी आणलं की वसुलीच्या वयाचा रिपोर्ट पहिल्या दिवसापासून निकामी होतो आणि आलेलं पेमेंट कोणत्या बिलावर लावायचं हे कळत नाही. हे सगळं एका तात्पुरत्या 'आरंभी शिल्लक' खात्याच्या विरुद्ध टाकायचं. सगळं आणून झाल्यावर ते खातं शून्य झालं पाहिजे. झालं नाही, तर साठ्याचं मूल्य किंवा एखादं बिल राहिलेलं आहे. ती तफावत 'नंतर बघू' म्हणून पुढे नेऊ नका, नंतर ती सापडत नाही.

अर्धवट माल हा सगळ्यात अवघड. बदलाच्या आठवड्यात नवीन वर्क ऑर्डर कमीत कमी सोडा, चालू असलेल्या संपवा, आणि जे उरेल ते सुटे भाग म्हणून गोदामात परत घेऊन मोजा. बाहेर प्रक्रियेला गेलेला आणि वाटेत असलेला मालही मोजणीत धरायचा, तो नेहमी विसरतो.

पूर्ण डेटा कमीत कमी तीन वेळा टेस्टमध्ये चढवून बघा आणि प्रत्येक वेळी घड्याळ लावा. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ एवढ्या वेळात मोजणी, चढवणं आणि जुळवणी बसते का, ते तिसऱ्या तालमीत कळतं.

समांतर चालवणं: माझं मत विरुद्ध. ४५ माणसांनी तीन महिने दुहेरी एंट्री केली तर दोन्हीकडे निष्काळजी होते. आकडे जुळत नाहीत, आणि जुन्या सवयीने एक्सेल खरं मानलं जातं. त्याऐवजी गेल्या महिन्याची खरी कागदपत्रं, म्हणजे ऑर्डर, चलन, बिलं, रिजेक्शन, परतावा, घेऊन तोच महिना टेस्टवर पुन्हा चालवा. महिनाअखेरीची तेरीज आणि साठा जुन्याशी ताडून बघा.

---

खतावणी:

गोदामपाल, साठा आणि उत्पादनाबाबत मान्य. हिशेबाच्या बाबतीत थोडी दुरुस्ती सुचवतो: पहिला महिना अकाउंट्सने विक्रीची आणि बँकेची एकूण बेरीज जुन्या पॅकेजमध्ये ठेवावी. प्रत्येक एंट्री नको, फक्त रोजची बेरीज. कराची आकडेवारी भरायची वेळ येते तेव्हा ताडून बघायला दुसरा आकडा असलेला बरा. महिना बंद झाला की जुनं पॅकेज फक्त वाचण्यापुरतं ठेवा.

टप्प्यांबद्दल. खरेदी, साठा, विक्री, हिशेब ही चारही एकाच दिवशी सुरू करा. ती एकाच खतावणीला बांधलेली आहेत, आणि तोडली तर मध्ये तात्पुरते पूल बांधावे लागतात जे पुढे कायमचे होतात. उत्पादन नियोजन, म्हणजे एमआरपी (काय, किती आणि कधी मागवायचं वा बनवायचं हे सिस्टिमने सुचवणं), तीन-चार महिन्यांनी. दर्जा, देखभाल, मनुष्यबळ आणखी नंतर. तारीख धंद्याच्या मंद काळातली निवडा. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने चार वर्षांचं काम अडीच वर्षांत बसवून, तीन मोठी सॉफ्टवेअर एकत्र, १९९९ च्या जुलैमध्ये सुरू केली. लगेच सणासुदीच्या ऑर्डर आल्या, आणि गोदामात माल असूनही सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डर वेळेवर पुऱ्या करता आल्या नाहीत.

---

फाटक_नोंद:

माणसांचा भाग राहिलाय, तो मी घेतो.

एंट्री करणारा एक आणि त्याचा फायदा घेणारा दुसरा, अशी जागा जिथे असेल तिथे एंट्री बंद पडते. शॉपवरचा माणूस रिजेक्शनचं कारण टाकतो, फायदा दर्जा विभागाला. म्हणून प्रत्येक स्क्रीनसाठी दोन गोष्टी लिहून काढा: एका नोंदीला किती फिल्ड भरावी लागतात, आणि भरणाऱ्याला परत काय मिळतं. मूळ स्क्रीनवर ४० फिल्ड असतील आणि शॉपला ६ लागत असतील तर ३४ लपवा. हा बदल सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त परिणाम करणारा. उत्पादनाची 'एकच स्क्रीन' ही मागणीही मान्य करा, एका अटीवर: मागे तीच नेहमीची तीन डॉक्युमेंटं तयार झाली पाहिजेत. स्क्रीन तुमची, पोस्टिंग मूळ सॉफ्टवेअरचं.

माल वापराची नोंद हाताने घ्यायची की उत्पादनाच्या नगांवरून आपोआप वजा करायची, म्हणजे बॅकफ्लश? बॅकफ्लशने एंट्री खूप कमी होतात, पण ते बीओएमवर आंधळा विश्वास ठेवतं. बीओएममध्ये १ किलो आणि प्रत्यक्षात १.०८ किलो लागत असेल, तर १००० नगांनंतर पुस्तकात ८० किलो जास्त दिसतात आणि खरेदीचा इशारा येत नाही. नट-बोल्ट, रंग, ग्रीस यांना बॅकफ्लश लावा. महाग आणि कापून वापरायच्या मालाला हाताने, प्रत्यक्ष वजनाने.

एमआरपी नंतर सुरू करा असं वर लिहिलंय, त्यामागचं गणित हे. एका वस्तूला १० भाग लागतात. प्रत्येक भागाच्या साठ्याची नोंद बरोबर असण्याची शक्यता ९५ टक्के असेल, तर दहाही एकाच वेळी बरोबर असण्याची शक्यता साधारण ६० टक्केच येते. प्रत्येकाची ९९ टक्के असेल तर ९० टक्के. म्हणून जुन्या एमआरपी शिस्तीत साठ्याची अचूकता किमान ९५ टक्के आणि बीओएमची ९८ टक्के असा दंडक आहे. तो गाठेपर्यंत एमआरपीच्या सूचना छापू नका. दोनदा चुकीची सूचना आली की खरेदी विभाग त्या उघडायचंच सोडून देतो. अचूकता गाठायला रोज थोडी थोडी मोजणी करा: महाग वस्तू महिन्यातून एकदा, मधल्या तिमाहीत एकदा, बाकीच्या वर्षातून दोनदा. फरक निघाला की आकडा दुरुस्त करण्याआधी कारण शोधा. बहुतेक वेळा चुकलेलं एकक, एंट्रीविना दिलेला माल किंवा चुकीच्या गोदामातून काढलेला माल, यांपैकी एक निघतं.

पाच सह्या. पाच जणांची मंजुरी लावली की एक जण रजेवर जातो, ऑर्डर अडते, आणि पासवर्ड वाटले जातात. मग मंजुरीचा मागही खोटा होतो. रकमेनुसार एक किंवा दोन सह्या, आणि रजेच्या काळात अधिकार दुसऱ्याकडे देण्याची सोय आधीच लावून ठेवा. ऑर्डर करणारा, माल उतरवून घेणारा आणि बिल पास करणारा हे तीन वेगळे ठेवा, तेवढी शिस्त पाच सह्यांपेक्षा जास्त पकडते.

एक्सेल बंद करा असं सांगून एक्सेल बंद होत नाही. प्रत्येक शीट घेऊन बसा आणि ती का आहे ते विचारा. कारणं तीनच निघतात: सिस्टिममध्ये रिपोर्ट नाही, रिपोर्ट आहे पण आकड्यावर भरवसा नाही, किंवा त्या शीटमध्ये अशी माहिती आहे जिला सिस्टिममध्ये जागाच नाही, उदाहरणार्थ पुरवठादाराने फोनवर दिलेली नवी तारीख. तिसऱ्या प्रकारासाठी एक फिल्ड काढून द्या. आणि उत्पादनाची सकाळची बैठक सिस्टिमचा रिपोर्ट पडद्यावर लावूनच घ्या. वरिष्ठांनी छापील शीट मागितली, की खालच्यांची एंट्री त्याच आठवड्यात थांबते.

प्रशिक्षण शेवटच्या दोन आठवड्यांत, भूमिकेनुसार आणि स्वतःच्याच आयटमवर. तीन महिने आधी शिकवलेलं राहत नाही. प्रत्येक विभागातून एक मुख्य वापरकर्ता नेमा आणि त्याचं निम्मं रोजचं काम दुसऱ्याला द्या. ते न देता नेमलेला माणूस नावापुरता राहतो.

सिस्टिम खरोखर वापरात आली की नाही हे लॉगिनच्या संख्येवरून ठरवू नका. प्रत्येक नोंदीची व्यवहाराची तारीख आणि ती प्रत्यक्ष टाइप झाल्याची वेळ यांतला फरक काढा. दोन्ही डेटाबेसमध्ये असतातच. फाटकावरची आवक त्याच पाळीत नोंदली जात असेल तर काम चालू आहे. शनिवारी आठवड्याभराच्या ४० नोंदी एकदम पडत असतील तर खरी नोंद अजून वहीत आहे आणि कोणीतरी ती नंतर उतरवतंय. विभागवार हा आकडा दर आठवड्याला काढा. कुठे मदत पाठवायची ते त्यावरून दिसतं.

---

जोडकाम:

तारखांच्या फरकाचा रिपोर्ट आजच लिहून घेतो. एक राहिलं: प्लेटिंग आणि हीट ट्रीटमेंट बाहेरून करून घेतो. ८३ पैकी सात मागण्या त्याच्याच आहेत, त्यात 'बाहेर गेलेल्या मालासाठी वेगळं मॉड्यूल' अशीही आहे.

---

गोदामपाल:

मॉड्यूल लिहू नका. प्रत्येक ठेकेदाराच्या नावाचं एक गोदाम उघडा. चलनाने माल गेला की तुमच्या गोदामातून त्याच्या गोदामात ट्रान्सफर. मालकी तुमचीच, जागा बदलली. प्लेटिंग झालेला नग हा वेगळा आयटम. तो परत आला की आवकेबरोबर ठेकेदाराच्या गोदामातून कच्चे नग वजा होतात, आणि नव्या आयटमचं मूल्य म्हणजे कच्च्या नगाचं मूल्य अधिक प्रक्रियेची मजुरी. ईआरपीनेक्स्ट आणि ओडू, दोन्हीत सबकॉन्ट्रॅक्टिंग म्हणून हे तयार मिळतं.

चुका तीन ठिकाणी होतात. प्रक्रिया न होता परत आलेला नग आवक म्हणून घेतला जातो. तो ट्रान्सफरने परत घ्यायचा, नाहीतर मजुरी लागते. प्रक्रियेत बिघडलेले नग कुठेच नोंदले जात नाहीत आणि ठेकेदाराच्या गोदामात भूत म्हणून पडून राहतात. त्यांना रिजेक्शन गोदामात आणून मग भंगारात काढा. आणि वजनावर पाठवून नगावर परत घेणं. दोन्ही चलनांवर नग आणि वजन दोन्ही छापा, मूळ एकक नग. हीट ट्रीटमेंटला बॅच क्रमांक बंधनकारक करा, कडकपणाची तक्रार आली तर त्याच भट्टीतले बाकीचे नग शोधता आले पाहिजेत.

दर महिन्याला ठेकेदाराच्या गोदामाची शिल्लक छापून त्याची सही घ्या. सातपैकी किती मागण्या यात बसतात ते ताडून बघा, उरलेल्या इथे टाका.